पाचशे जणांचा श्वास

भोईटे बेकरीत त्या सकाळी दुसरी भट्टी उशिरा लागली. सगळे जण अंगणात रांगेने उभे राहून एका नळीत फुंकर मारत होते.

नळी पांढरी, वीतभर लांब, टोकाला काडेपेटीएवढा डबा. विमा कंपनीने तिला मोठं भारदस्त नाव दिलं होतं. कारखान्यांमधून मात्र सगळे तिला फुंकणीच म्हणत. फलटणजवळच्या या औद्योगिक वसाहतीत वर्षातून एकदा, विम्याचं नूतनीकरण आलं की फुंकणी यायची.

बेकरीत कामगार दहा. शिवाय मालकीण हर्षदा भोईटे आणि मालाची गाडी चालवणारा तिचा नवरा संग्राम, असे बारा जण. भट्टीवरचे रफीकभाई तांबोळी सर्वांत जुने. हर्षदाच्या सासऱ्यांनी पहिली भट्टी बांधली तेव्हापासून ते तिथे होते. त्यांनी नळी तोंडाला लावली आणि त्यांना खोकल्याची ढास लागली.

"सावकाश घ्या, चाचा," विमा कंपनीचा प्रतिनिधी देवदत्त शिर्के म्हणाला. हा गावातलाच मुलगा, वसाहतीतल्या सगळ्यांचे विमे तोच बघायचा. "खोकला धरत नाहीत यात. आतली हवा बघतात."

देवदत्त म्हणाला ते खरं होतं. माणूस श्वास सोडतो तेव्हा नुसती हवा बाहेर पडत नाही. शरीरातल्या पेशी जे काही जाळतात त्याचे अवशेष रक्तातून फुप्फुसात आणि तिथून श्वासात उतरतात. शेकडो प्रकारचे वायू आणि वाफा असतात, पण इतक्या विरळ की नाकाला त्यांचा पत्ता लागत नाही. एखादा अवयव बिघडू लागला की या मिश्रणाचा तोल ढळतो, आणि माणसाला काही जाणवायच्या कितीतरी वर्षं आधी ढळतो. फुंकणीतल्या चकतीवर हजारो सूक्ष्म थर होते. प्रत्येक थर एकाच जातीचे रेणू पकडायचा. कोणते थर किती भरले याचा नकाशा तयार व्हायचा, तो लाखो लोकांच्या नकाशांशी ताडून पाहिला जायचा, आणि निघायचा एक आकडा. त्याला श्वासांक म्हणत. पुढच्या काही वर्षांत या माणसाला मोठं आजारपण येण्याची शक्यता किती, एवढंच तो सांगायचा. आजार कोणता, कुठल्या अवयवाचा, हे कळायला पुण्याच्या मोठ्या यंत्रावर तपासून घ्यावं लागे.

हे शोधलं होतं डॉक्टरांसाठी. पण डॉक्टरांपेक्षा विमा कंपन्यांना त्याची गरज जास्त होती.

आठवड्याने देवदत्त कोटेशन घेऊन आला. नेहमी आल्या आल्या गरम खारी मागणारा हा मुलगा आज खुर्चीच्या कडेवर बसला.

"वहिनी, हप्ता दुपटीच्या वर गेलाय."

हर्षदाने कागद बघितला आणि उलटा ठेवला. "कुणामुळे?"

"ते मला कळत नाही आणि कळलं तरी सांगता येत नाही. कायद्याने एकेकट्याचा श्वासांक मालकाला दाखवत नाहीत, फक्त सगळ्यांची बेरीज दाखवतात." तो जरा घुटमळला. "पण कंपनीच्या पानावर नावांपुढे खुणा असतात. एखादी खूण काढली की त्या माणसाशिवायचा हप्ता दिसतो. एकेक नाव काढून बघा. सगळे तसंच करतात."

"आणि मग?"

"मग ज्याच्या नावाने हप्ता उतरतो त्याला ठेकेदाराच्या माणसांत दाखवतात. पगार तोच, विमा मात्र नाही." तो खाली बघत म्हणाला. "काही जण कामावरूनच कमी करतात."

दुपारी मालाची गाडी गेली, भट्टी निवाली, आणि हर्षदा वरच्या खोलीत संगणकापुढे बसली. एवढा हप्ता भरणं बेकरीला झेपणारं नव्हतं. विमा सोडून द्यावा तर त्यात कामगारांची लहान मुलंही होती, मागच्याच वर्षी सुवर्णाच्या मुलाचं हृदयाचं ऑपरेशन त्यावर झालं होतं. सुवर्णा जगदाळे पॅकिंगचं सगळं बघायची. तो मुलगा आता शाळेच्या संघातून खो-खो खेळत होता.

तिला खात्री होती की नाव रफीकभाईंचंच असणार. तो खोकला, ते वय, इतकी वर्षं पिठाची धूळ. त्यांना काय सांगायचं याची वाक्यंसुद्धा तिच्या मनात जुळू लागली. एवीतेवी तुम्ही दमलाय चाचा, घरी बसून थोडा आराम करा. आपण किती सहज हे जुळवतोय याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं.

तिने रफीकभाईंच्या नावापुढची खूण काढली. आकडा किंचित हलला, बस्स. खूण परत घातली. सुवर्णाची काढली, जवळजवळ काहीच फरक नाही. मग एकेक करून सगळी नावं झाली, संग्रामचंही झालं. आकडा जागचा हलेना.

एकच नाव राहिलं होतं. तिने त्याची खूण काढली आणि हप्ता निम्म्याहून खाली आला.

संग्राम फेरी करून परतला तेव्हा ती तशीच बसून होती. त्याने पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि शेजारची खुर्ची ओढली.

"उद्या पुण्याला जाऊ," तो म्हणाला. "मोठ्या यंत्रावर तपासून घेऊ."

"तपासलं आणि आजाराचं नाव कळलं, की मग कुठलीच कंपनी मला दारात उभी करणार नाही. आधीपासूनचा आजार म्हणतील. उपचाराला काय विकायचं, बेकरी?"

"विकू."

"आणि या दहा जणांनी काय करायचं?"

"मग तुझ्या मनात काय आहे?"

"माझं नाव काढायचं. बाकी अकरा जणांचा विमा होऊ दे. पुढचं पुढे बघू."

संग्राम भांडला, पण ती बधली नाही. आपण रफीकभाईंना जे सांगणार होतो ते स्वतःला सांगणं तिला त्यातल्या त्यात सोपं वाटलं.

विम्याची कार्डं आली तेव्हा सुवर्णाने नेहमीसारखी ती वाटली. वाटून झाल्यावर ती हर्षदाच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"वहिनी, तुमचं कार्ड न्हाई आलं."

"माझं वेगळं केलंय यंदा."

"वेगळं कसं? एकट्याला कुठं देतात आता?" सुवर्णाचा आवाज उतरला. "माझ्या भाचीचं बारामतीला असंच वेगळं केलं होतं. मग तिला घरीच बसवली. मला माहितीय वेगळं म्हंजे काय असतं ते."

हर्षदाने ऑर्डरची वही पुढे ओढली. तेवढं सुवर्णाला पुरलं. ती तडक मागच्या अंगणात गेली. गाडीत माल चढवणाऱ्या संग्रामला तिने आणि रफीकभाईंनी मिळून असं काही विचारलं की त्याला खोटं बोलता आलं नाही.

तासाभराने रफीकभाई वर आले. ते जिना चढून वर कधी येत नसत. मागे सुवर्णा होती आणि तिच्या मागे बाकीचे, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या डोक्याला अजून टोपी. रफीकभाईंनी कार्डांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"आमची नावं काढा, नायतर तुमचं घाला," ते म्हणाले. "हे असलं कार्ड खिशात घालून आम्हाला रोटी गोड लागायची नाही."

"चाचा, असं करून कुणाचाच फायदा नाही."

"फायद्याचं तुम्ही बघा. आम्ही आमचं सांगितलं."

"तुम्हाला आमच्यातलं कुणाचं नाव काढता आलं असतं," सुवर्णा म्हणाली. "तुम्ही तुमचं काढलंत. तिथंच आम्हाला कळलं सगळं."

इतक्या दिवसांत हर्षदा पहिल्यांदा त्यांच्यासमोर रडली. रफीकभाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि ती सावरेपर्यंत तसेच उभे राहिले.

देवदत्तला बोलावून घेतलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "एक वाट आहे. आजवर कुणी धरलेली नाही."

मग त्याने पॅकिंगच्या टेबलावर बिस्किटं मांडून हिशेब समजावला. "हे बारा जण. यातला एक आजारी पडला तर सगळ्यांनी भरलेला पैसा त्या एकट्यावर खर्च होतो, म्हणून कंपनी घाबरते आणि प्रत्येकाचा श्वास हुंगते. आता समजा पाचशे जण आहेत. त्यातले कोण आजारी पडतील ते कुणालाच माहीत नसतं, पण किती जण पडतील ते जवळपास ठरलेलं असतं. दरवर्षी थोडं इकडे, थोडं तिकडे. मग कंपनीला श्वास हुंगायची गरजच उरत नाही. म्हणून नव्या नियमात लिहिलंय, पाचशेच्या वरच्या गटाला फुंकणी लावायची नाही. सगळ्यांना एकच हप्ता, आणि आधीचा आजार असला तरी पहिल्या दिवसापासून विमा. मोठ्या कंपन्यांना हे आपोआप मिळतं. छोट्या कारखान्यांनी एकत्र येऊन गट केला तर त्यांनाही मिळेल."

"मग गट का होत नाहीत?" संग्रामने विचारलं.

"ज्याचे सगळे निरोगी आहेत त्याला आज फुंकणीवर स्वस्त पडतं. तो म्हणतो, दुसऱ्याच्या आजाराचं ओझं मी का उचलू? आणि ज्याच्याकडे आजारी आहे तो गप्प बसतो, कारण बोलला तर बोभाटा. निरोगी येत नाहीत, आजारी बोलत नाहीत. गट होणार कसा?"

पुढचे काही आठवडे बेकरीतल्या माणसांनी वसाहत पिंजून काढली. रफीकभाई जुम्म्याच्या नमाजानंतर वेल्डिंगवाल्यांशी बोलले. सुवर्णाच्या गावच्या बायका शिलाईच्या कारखान्यात होत्या, ती त्यांच्या डब्याच्या सुट्टीत जाऊन बसली. संग्रामची गाडी प्रत्येक फाटकावर जरा जास्त वेळ थांबू लागली. कामगार चटकन तयार झाले. अडलं ते मालकांपाशी.

शेवटी वसाहतीच्या सभागृहात मालकांची बैठक ठरली. यशवंत रणवरे पहिल्या रांगेत बसले होते. प्लास्टिकच्या बरण्या बनवणारा त्यांचा कारखाना वसाहतीत सर्वांत मोठा. ते आले तर गट पाचशेच्या वर जाणार होता, नाही आले तर नाही.

देवदत्तने नियम समजावून सांगितले. रणवरे शांतपणे म्हणाले, "माझे सगळे हिरवे आहेत, एकाच्याही नावाने हप्ता चढत नाही. मला या गटात हप्ता थोडा वाढवूनच भरावा लागेल. कशासाठी भरू, एवढं कुणीतरी सांगा."

हर्षदाच्या मनात उत्तर म्हणून बरीच आकडेमोड होती. ती सांगायला उठली आणि उठल्यावर वेगळंच बोलली.

"आमच्या बेकरीचा हप्ता दुप्पट झाला, तो माझ्यामुळे. एकेक नाव काढून बघितलं. शेवटी माझं निघालं. आजार कोणता ते मला अजून माहीत नाही, कारण तपासायला भीती वाटते. बाकीच्यांचं होऊ दे म्हणून मी माझं नाव काढलं होतं. माझ्या माणसांनी त्यांची कार्डं परत आणून दिली. त्यांच्यासाठी मी हे मागायला आलेय, आणि माझ्यासाठीही."

ती बसली. मागून एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. छापखान्याचे वयस्कर मालक काठी टेकत उभे राहिले. "आमच्याकडे माझा मुलगा आहे," ते म्हणाले आणि बसले. मग शिलाईच्या कारखान्याची मालकीण म्हणाली की तिच्याकडे दोघी आहेत आणि दोघींना तिने कुठूनही काढलेलं नाही, कर्ज काढून हप्ता भरतेय. वेल्डिंगवाला म्हणाला, आमच्याकडे एक होता, मी त्याला जा म्हटलं. त्या दिवशी आपापल्या घरातली गोष्ट सगळ्यांनी सगळ्यांसमोर पहिल्यांदा बोलून दाखवली. जवळजवळ प्रत्येक कारखान्यात एक जण होता.

रणवरे मात्र निरोप घेऊन निघून गेले. त्या दिवशी गट झाला नाही.

चार-पाच दिवसांनी सकाळी ते बेकरीच्या फाटकाशी उभे दिसले. हर्षदाने आत बोलावलं, चहा मागवला. त्यांनी बराच वेळ चहाला हात लावला नाही.

"माझे सगळे हिरवे आहेत, कारण मी हिरवेच ठेवलेत," ते म्हणाले. "हे मला बैठकीत बोलता आलं नाही. माझा फोरमन आहे, सोपान. आम्ही एका ताटात जेवलेली माणसं. फुंकणी यायची असली की तो आधी महिनाभर नीट जेवत नाही. कुणीतरी त्याला सांगितलंय की उपास केला की आकडा सुधारतो. काढे पितो, वाफ घेतो, माझ्याकडे नजर वर करून बघत नाही. मला वाटायचं कामाचा ताण असेल. काल त्याला सरळ विचारलं. म्हणाला, साहेब, तुम्ही काढलंत तर मी कुठं जाऊ?"

त्यांनी कप उचलला. "वहिनी, माझ्या माणसाने मला घाबरावं आणि त्या भीतीला मी स्वस्त विमा म्हणावं, हे काही बरं नाही. आमची नावं लिहून घ्या."

गट झाला. त्यात बेकरी होती, छापखाना होता, वेल्डिंग, शिलाई, बरण्या, आणि लोणच्यापापडाचा बायकांचा एक छोटा उद्योगही होता. हप्ता सगळ्यांना सारखा. वेल्डिंगवाल्याने घालवलेल्या माणसाला परत बोलावून आणलं, ही बातमी संग्रामने घरी येऊन सांगितली तेव्हा हर्षदा भाकरी थापायची थांबली आणि नुसतीच हसली.

मग ती पुण्याला गेली. मोठं यंत्र म्हणजे एक काचेची खोली होती. तिथे मुखवटा लावून बराच वेळ शांत श्वास घ्यायचा होता. श्वासाचा नकाशा स्वादुपिंडाकडे बोट दाखवत होता. त्यानंतरच्या तपासण्यांत तिथे गाठ दिसली, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी.

"स्वादुपिंडाचा कर्करोग पूर्वी आमच्याकडे यायचा तो उशिराच यायचा," सर्जन डॉ. मीनल पुरंदरे म्हणाल्या. "पोट दुखायला लागायचं, कावीळ व्हायची, आणि तोवर फार काही करण्यासारखं उरलेलं नसायचं. इतकी लहान गाठ हातात येणं म्हणजे काय, ते माझ्या गुरूंना विचारायला हवं होतं. त्यांना अशी एकही मिळाली नाही. ही आपण काढू शकतो."

ज्या नळीमुळे तिने स्वतःचं नाव पुसलं होतं, त्याच नळीने तिला वेळेवर सावध केलं होतं. हर्षदाला त्या पांढऱ्या फुंकणीचा आता राग येईना. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. त्याचं ऐकून कुणी काय करायचं, ते माणसांनी ठरवायचं होतं. ते ठरवायला तिला किती जणांची मदत झाली, हे ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संग्रामला एकेक नाव घेऊन सांगत राहिली.

ऑपरेशन नीट झालं. बिल गटाच्या विम्यातून गेलं. संग्रामला फक्त एक सही करावी लागली. त्या काळात बेकरी रफीकभाई आणि सुवर्णाने चालवली. सोपान फोरमन एकदा भेटायला आला, डाळिंबं घेऊन. त्याची हर्षदाशी काहीच ओळख नव्हती. पाच मिनिटं बसला, तब्येतीची काळजी घ्या म्हणाला आणि गेला. तो गेल्यावर तिच्या लक्षात आलं की त्याचे गाल चांगले भरलेत.

दिवाळीच्या आधी ती कामावर आली. चालणं अजून हळू होतं आणि खाणं थोडं थोडं. पण बेकरीला फराळाच्या बिस्किटांची मोठी ऑर्डर होती आणि एक माणूस कमी पडत होता. तिसऱ्या दिवशी एक तरुण बाई कामाचं विचारायला आली. नाव कोमल खरात, दहिवडीची. तिच्या हातात प्लास्टिकची फाइल होती.

"याआधी कुठे होतीस?"

"लोणंदला होते, बिस्किटांच्याच कंपनीत. पीठ मळायच्या मशीनवर." तिने फाइल पुढे सरकवली आणि खाली बघून भरभर बोलली. "मॅडम, आधीच सांगते. माझा श्वासांक चांगला नाही. म्हणून तिथून काढलं. नंतर तुम्हाला कळण्यापेक्षा आधीच..."

हर्षदाने फाइल उघडली नाही. ती परत तिच्या हातात दिली.

"हे उद्या आपल्या गटाच्या डॉक्टरांना दाखवायचं. पुण्याला तपासायला पाठवतील, घाबरू नकोस, मी सांगते काय काय होतं ते. आणि मला मॅडम म्हणू नकोस. इथे सगळे वहिनी म्हणतात."

कोमलने मान वर केली.

"खारीच्या पिठाला पदर घालता येतात का?"

"येतात."

"मग हात धुऊन ये," हर्षदा म्हणाली, आणि सुवर्णाला हाक मारून कोमलसाठी टोपी आणायला सांगितलं.